वेड्या राघूची सुई

उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना घेऊन टेकडीवर जायचं, तर सहाच्या आत घर सोडावं लागतं. साडेआठ वाजले की ऊन तापतं, मुलं पाणी मागू लागतात, मोठी माणसं सावली शोधू लागतात आणि मग फिरायला आलो होतो हेच सगळे विसरतात. गेल्या मे महिन्यात एका रविवारी आम्ही असेच निघालो. मी, माझी बायको, माहेरपणाला आलेली लेक आणि तिची दोन मुलं. नात नऊ वर्षांची, नातू सहाचा. गोखलेनगरच्या बाजूनं वेताळ टेकडीची वाट धरली. बहावा पिवळाजर्द झाला होता. गवत वाळून सोनेरी झालं होतं आणि मध्ये मध्ये वणव्यानं जळलेले काळे पट्टे दिसत होते.

एका बाभळीच्या वाळक्या काटकीवर चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवागार पक्षी बसला होता. डोळ्यातून काजळाची रेघ ओढलेली. तो भुर्रकन उडायचा, हवेतच एखादी माशी टिपायचा आणि पुन्हा त्याच काटकीवर येऊन बसायचा. हा मला माहीत होता. मी ऐटीत म्हणालो, "हा वेडा राघू. याच्या शेपटीतून सुईसारखी दोन बारीक पिसं बाहेर आलेली असतात बघ."

नात बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "नाना, पण याला सुई नाहीये."

खरंच नव्हती. शेपटी आपली साधी, आखूड. मी तोंड उघडलं. कवी माणसाला अशा वेळी उत्तर सुचायला वेळ लागत नाही. सुई घरट्यात विसरून आला असेल, नाहीतर बायकोला शिवायला दिली असेल, असलं काहीतरी ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात लेक शांतपणे म्हणाली, "अब्बा, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा."

ती असं का म्हणाली, ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. पंचवीस वर्षांपूर्वी, ती आठ वर्षांची असताना, याच टेकडीवर झुडपातून कुठलातरी पक्षी मोठ्यानं ओरडत होता. तिनं नाव विचारलं. मला येत नव्हतं. मी ठोकून दिलं, "ही पाऊसराणी." नाव मला स्वतःलाच इतकं आवडलं, की मी त्यावर चार ओळीही रचल्या. सुटी संपल्यावर तिनं ते नाव शाळेत सांगितलं. असा पक्षी नसतो, असं तिला सगळ्या वर्गासमोर ऐकावं लागलं. मुलं हसली. घरी आल्यावर ती रडली नाही, रागावलीही नाही. फक्त त्यानंतर तिनं मला कुठल्या पक्ष्याचं किंवा झाडाचं नाव विचारलं नाही. आम्ही पुढेही टेकडीवर जात राहिलो, पण ती मुकाट्यानं चालायची.

त्या रविवारी मी नातीला म्हणालो, "मला माहीत नाही." हे तीन शब्द उच्चारायला मला पंचवीस वर्षं लागली. हे सगळं सांगण्याचं कारण असं, की आपल्या देशातल्या पक्षिशास्त्राचा एक मोठा धागा याच तीन शब्दांपासून सुरू होतो. आणि त्याचं दुसरं टोक पुण्याच्या टेकड्यांपाशी सापडतं.

गोष्ट विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली, मुंबईच्या खेतवाडीतली. आईवडिलांचं छत्र लहानपणीच हरपलेला एक मुलगा मामाच्या घरी वाढत होता. मामाचं नाव अमिरुद्दीन तय्यबजी. घरात शिकारीचा शौक. मुलाच्या हातात खेळण्यातली एअरगन होती आणि तो तिनं चिमण्या पाडायचा. एक दिवस एक चिमणी पडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नव्हे. मग प्रश्न आला, की ही मुसलमानाला खायला चालते का? मुलगा ती घेऊन मामाकडे गेला. मामा पट्टीचा शिकारी, पण ही चिमणी त्यालाही ओळखता आली नाही. त्यानं काय करावं? "चिमणी ती चिमणी, टाकून दे" असं म्हणून तो मोकळा होऊ शकला असता. तसं न करता त्यानं एक चिठ्ठी लिहिली आणि मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. १८८३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था. तिथले मानद चिटणीस मिलर्ड हे गोरे गृहस्थ. मुलगा बिचकतच आत गेला. मिलर्डसाहेबांनी ती चिमणी ओळखली. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी होती. मग एकेक कपाट उघडून त्यांनी मुलाला पेंढा भरून ठेवलेले पक्षी दाखवले. त्या मुलाचं नाव सलीम अली. उतारवयात त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, ते १९८५ मध्ये आलं, आणि त्याच्या नावातच त्यांनी त्या पडलेल्या चिमणीला जागा दिली.

एका कोवळ्या मुलाच्या मनात हलाल-हरामचा प्रश्न यावा आणि त्यातून देशाला एवढा मोठा शास्त्रज्ञ मिळावा, याचं मला फार अप्रूप वाटतं. आमच्या घरांतून असे प्रश्न रोज विचारले जातात. त्यांना मामासारखं उत्तर देणारी माणसं मात्र कमी असतात.

आता पुण्यात येऊ. १९५०च्या दशकाचा मध्य. वेताळ टेकडीच्या आसपासच्या, तेव्हा मोकळ्या असलेल्या वस्तीत गाडगीळांचं घर होतं. वडील धनंजयराव गाडगीळ मोठे अर्थशास्त्रज्ञ, गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विखे पाटलांच्या बरोबरीनं खपलेले. पण त्यांना आणखी एक नाद होता, पक्षी बघण्याचा. तो त्यांनी मुलाला, माधवला, लावला. शेजारी इरावतीबाई कर्वे. असं सगळं वातावरण.

माधव चौदा वर्षांचा असताना त्याच्या लक्षात आलं, की वेड्या राघूच्या शेपटीतली सुई गायब आहे. होय, तोच पक्षी आणि तोच प्रश्न! त्यानं वडिलांना विचारलं. धनंजयरावांना उत्तर माहीत नव्हतं. ज्या माणसाला देशाच्या शेतीचं आणि उद्योगांचं गणित तोंडपाठ, त्यानं मुलासमोर मला ठाऊक नाही असं कबूल केलं आणि सलीम अलींना पत्र लिहून विचारायला सांगितलं. मुलानं पत्र लिहिलं. सलीम अली तेव्हा साठीच्या घरात होते, देशभर त्यांचं नाव झालेलं होतं. त्यांच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती १९४१ मध्येच निघाली होती. एका शाळकरी मुलाच्या पत्राला त्यांनी लगोलग उत्तर पाठवलं. पक्षी जुनी पिसं टाकतात, त्यात ही सुईही गळते, आणि पुन्हा नवी येते.

एका मुलाला मामानं मिलर्डसाहेबांकडे पाठवलं होतं. जवळजवळ पन्नास वर्षांनी तोच मुलगा मिलर्डसाहेबांच्या जागी बसून दुसऱ्या मुलाला उत्तर देत होता. मिलर्डसाहेबांचं देणं त्यांनी पुण्याच्या पत्त्यावर फेडलं, असं मला वाटतं.

माधव गाडगीळ पुढे फर्ग्युसनमध्ये शिकले, मुंबईला गेले, हार्वर्डला गेले, १९७१ मध्ये परत आले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी परिसरशास्त्राचं केंद्र उभं केलं. पश्चिम घाटाविषयीच्या समितीचे ते अध्यक्ष होते आणि २०११ मध्ये दिलेल्या त्यांच्या अहवालावर देशभर वाद झाला, हे आपल्याला माहीत आहेच. २०२३ मध्ये त्यांचं आत्मकथन प्रसिद्ध झालं. इंग्रजी आवृत्तीच्या नावाचा मराठीत अर्थ लावायचा तर 'टेकडीवरचा फेरफटका' असाच होईल. जगभर हिंडलेल्या माणसाला आयुष्याचं नाव ठेवताना टेकडीच आठवली.

या टेकड्यांना अशी सवयच असावी. फर्ग्युसनच्या मागची टेकडी आणि वेताळ टेकडी या एकाच रांगेतल्या. १२ जून १९०५ रोजी, त्या फर्ग्युसनच्या टेकडीवर गोपाळ कृष्ण गोखल्यांनी तीन सहकाऱ्यांना देशसेवेची शपथ दिली आणि भारत सेवक समाजाची स्थापना झाली. जूनच्या मध्याचा तो काळ. पाऊस आज येतो की उद्या, अशा दिवसांत चार माणसं टेकडी चढली. त्याच समाजाच्या आश्रयानं १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. त्या संस्थेत धनंजयराव आले, आणि त्यांच्या मुलाला टेकडीवर वेडा राघू दिसला. इतिहास सनावळीत असतो तसा तो असा पायवाटांवरही असतो.

पण या रांगेला दुसरी बाजूही आहे. पलीकडे कॉलेज, अलीकडे आम्ही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं. माझे अब्बा तेव्हा नदीकाठच्या पेठेत राहत. पुस्तकबांधणीचं काम करत. पाणी ओसरल्यावर घराच्या जागी चिखल आणि भिजून फुगलेल्या पुस्तकांचे गठ्ठे एवढंच उरलं होतं. पूरग्रस्तांसाठी शहराबाहेर वसाहती झाल्या, त्यांतली एक गोखलेनगर. तिथं आमच्या घराला खोली मिळाली आणि काही वर्षांनी त्या खोलीत माझा जन्म झाला. दारातून टेकडी दिसायची.

टेकडीवर फिरायला जायचं असतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही लाकडं आणायला जायचो. माझी दादी पुढे, मागे आम्ही पोरं. मे महिन्यात तर रोज, कारण पावसाळ्याचं जळण आधीच साठवायला लागायचं. दादीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण झाडं तिला हातानं कळायची. हिवराचं लाकूड कसं जळतं, बाभळीचा निखारा किती वेळ टिकतो, कशाचा धूर डोळ्यांत जातो. सालईच्या खोडावर साकळलेला चीक ती नखानं काढून पदराच्या टोकाला बांधायची. गुरुवारी संध्याकाळी तो निखाऱ्यावर टाकला, की खोलीभर लोबानचा वास. शेजारच्या पाटलीणबाई त्यातलाच थोडा मागून न्यायच्या आणि देवापुढे धूप घालायच्या. झाड एकच, एका घरात लोबान आणि दुसऱ्यात धूप.

कधी कधी समोरून दुर्बीण गळ्यात घातलेली मंडळी यायची. सोबत बूट घातलेली मुलं. ती वर बघत चालायची, आम्ही खाली बघत चालायचो. त्यांना पक्षी हवे होते, आम्हाला काटक्या. ती मुलं आमच्याकडे बघायची आणि आम्ही त्यांच्याकडे. बोलणं कधी झालं नाही. आज वाटतं, एखाद्यानं दादीला थांबवून विचारलं असतं, तर तिनं टेकडीवरच्या पन्नास झाडांचं सगळं सांगितलं असतं. पण तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी कॉलेजात गेलो, मराठी घेऊन बीए झालो, कविता लिहू लागलो, घरात गॅस आला, आणि दादी गेली तेव्हा ती पन्नास झाडंही तिच्याबरोबर गेली.

माझ्या मते गाडगीळांचं खरं मोठेपण इथं आहे. दुर्बीण घेऊन टेकडी चढलेल्या त्या मुलानं पुढे लाकडं वेचणाऱ्यांना विचारायला सुरुवात केली. पुण्याच्या वा. द. वर्तकांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून पाहिल्या आणि गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड न लावता राखलेल्या जंगलाची नोंद केली. पुढे लोकांनीच आपल्या भागातली झाडं, पाखरं, त्यांचे उपयोग वहीत उतरवायचे, अशी लोक जैवविविधता नोंदवहीची कल्पना त्यांनी हिरिरीनं मांडली. २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर त्या वहीला सरकारी व्यवस्थेतही जागा मिळाली. पश्चिम घाटाच्या अहवालाचं सारही तेच होतं, की निर्णय गावातल्या माणसांना विचारून घ्या. शाळकरी वयात धनंजयरावांनी सांगितलं, ज्याला माहीत आहे त्याला विचार. मुलानं ते आयुष्यभर पाळलं. फक्त माहीत असलेली माणसं कोण, याची व्याख्या त्यानं मोठी केली.

टेकडीवर आज आपण जी हिरवळ बघतो, तीही पूर्वापार तशीच होती असं नाही. आमच्या लहानपणी ती बरीच उघडी होती. गवत, काटेरी झुडपं, दगडाच्या खाणी, चरणारी जनावरं. नंतर वनखात्यानं झाडं लावली. त्यांत गिरिपुष्प फार. झटपट वाढतं, जनावर तोंड लावत नाही, म्हणून ते लावलं गेलं. ते मूळचं मध्य अमेरिकेचं. त्याच्या दाटीत इथली जुनी झाडं मागे पडली, अशी जाणकारांची तक्रार आहे आणि ती खरी आहे. पण परकं झाड म्हणून नुसतं नाक मुरडणंही मला जमत नाही. गुलमोहर मादागास्करचा, तरी उन्हाळ्याचं चित्र काढताना पुण्यातलं प्रत्येक मूल तोच काढतं. चिंच मूळची आफ्रिकेतली. अरबांनी तिला 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, असं नाव दिलं आणि तेच नाव थोडं वळून इंग्रजीत गेलं. आपल्याकडे ती इतकी मुरली, की तिच्याशिवाय आमटी होत नाही. बाहेरून आलेलं काय आणि इथलं काय, हे झाडांच्या बाबतीत सांगताना जरा जपूनच बोलावं. लावताना मात्र विचार करून लावावं. सावली तर दोघांचीही पडते, पण जुन्या झाडांवर इथल्या पाखरांचा आणि किड्यांचा जो संसार अवलंबून असतो, तो आयत्या झाडावर सहसा उभा राहत नाही.

शहर या टेकडीला वेढून वाढत गेलं. बालभारतीपासून पौड फाट्याकडे टेकडीवरून रस्ता काढायची योजना कित्येक वर्षं कागदावर आहे. टेकडीखालून बोगदे काढायचीही कल्पना निघाली. विधी महाविद्यालय रस्त्यावर संध्याकाळी जो अडकला असेल, त्याला रस्त्याची गरज खोटी म्हणता येणार नाही. एप्रिल २०२३ मध्ये टेकडी वाचवण्यासाठी मोठा मोर्चा निघाला. भर उन्हाळ्यात रोज फिरायला येणारी म्हातारी माणसं, तरुण, कडेवरची मुलं, सगळे रस्त्यावर आले. मीही गेलो होतो. त्या गर्दीत एक गोष्ट मला जाणवली. दुर्बीणवाल्यांची मुलं आणि आमच्या वसाहतीतली मुलं यावेळी एकाच बाजूनं चालत होती. हे बघायला दादी हवी होती.

पुन्हा त्या रविवारकडे. मला माहीत नाही म्हटल्यावर नातीचा चेहरा उतरेल असं मला वाटलं होतं. उलट तिचे डोळे चमकले. नानांना माहीत नाही म्हणजे प्रश्न भारीच असणार! तिनं पिशवीतून वही काढली, राघूचं चित्र काढलं, तारीख घातली आणि खाली लिहिलं, 'सुई कुठे गेली?' मग मी तिला सलीम अलींची आणि गाडगीळांची गोष्ट सांगितली. तिनं ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाली, "म्हणजे याची पण गळली?"

मी हो म्हणणार होतो. पण घरी येऊन पुस्तक काढलं तेव्हा कळलं, की वेड्या राघूच्या पिल्लांनाही सुई नसते, ती मागाहून येते. ही पाखरं फेब्रुवारी-मार्चपासून मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतात. म्हणजे मे महिन्यात दिसलेला आमचा राघू म्हातारपणची पिसं टाकणारा होता की यंदाचंच पिल्लू होतं, हे नुसत्या शेपटीवरून सांगता येणार नाही. नातीनं वहीत दोन्ही उत्तरं लिहिली आणि पुढे प्रश्नचिन्ह कायम ठेवलं. पुढच्या रविवारी पुन्हा बघायचं ठरलं.

उतरताना मुलं बायकोबरोबर पुढे पळत गेली. मी आणि लेक मागे राहिलो. ऊन चढलं होतं. एका झुडपाशी ती थांबली, कान देऊन काहीतरी ऐकत राहिली, आणि म्हणाली, "अब्बा, तो त्या दिवशीचा पक्षी कुठला होता हो? पाऊसराणी?"

पंचवीस वर्षांनी ती मला एका पक्ष्याचं नाव विचारत होती.

"माहीत नाही, बेटा," मी म्हणालो. "पुन्हा ओरडला की कुणालातरी विचारू."

आम्ही दोघं थोडा वेळ तिथंच उभे राहिलो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)